उसवलेले, फाटलेले, विरलेले

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले स्ट्रक्चरल ऑडिट, या उन्हाळ्यात पार पडले आणि अहवाल समजावून सांगण्यासाठी अभियंत्यांना सर्वसाधारण सभेला बोलावण्यात आले. सभा नेहमीप्रमाणे गच्चीवर होती. दिवसभर तापलेल्या लाद्यांची ऊब चपलांतूनही जाणवत होती, टाकीचा पंप मधूनच घरघरत होता आणि गोखले रस्त्यावरचे हॉर्न एवढ्या उंचीवरही स्वच्छ ऐकू येत होते. अभियंते एकेक पान उलटत खांब, तुळया, सज्जे आणि स्लॅब यांच्याविषयी सावकाश बोलत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण सभासदाला हे पाल्हाळ वाटत असावे. त्याने मध्येच विचारले, "साहेब, इमारत वाचण्यासारखी आहे की नाही, एवढं एका शब्दात सांगा ना." अभियंते थांबले, चष्मा काढून पुसू लागले, आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "उसवली आहे म्हणा. फाटलेली नाही." सभेत हशा पिकला. काकूंनी उभे आयुष्य शिवणयंत्रावर काढले आहे, आमच्या इमारतीतल्या बहुतेक मुलींचे शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे होते; तेव्हा त्यांना जिथे तिथे शिवणच दिसणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

अभियंते मात्र हसले नाहीत. "काकू, म्हणजे नेमकं काय?" असे त्यांनी खरोखरच विचारले. "अहो, शिवण सुटली की उसवलं. कापड शाबूत असतं, दोरा घातला की झालं. फाटलं म्हणजे कापडच गेलं," काकूंनी सांगितले. अभियंत्यांनी हातातला अहवाल मागे उलटला, एका नकाशावर बोट ठेवले आणि म्हणाले, "मग बरीचशी उसवलेलीच आहे. पण तळमजल्यावर मागच्या बाजूचे दोन खांब आहेत ना, तिथे कापड गेलंय." यावर कोणी हसले नाही. त्या दोन खांबांच्या मधोमध आमच्या स्कूटर उभ्या असतात.

सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असते, आणि हे संभाषण त्यात कसे बसवावे, ते मला सुचेना.

माझी आई वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या आधी, कपड्यांची ट्रंक उघडत असे. चरईतल्या आमच्या दोन खोल्यांत मग दुपारभर डांबरगोळ्यांचा वास भरून राही. ती एकेक कपडा खिडकीसमोर धरून पाही, ओठांतल्या ओठांत एकच शब्द पुटपुटे आणि तो कपडा तीनांपैकी एका ढिगावर टाकी. काखेत किंवा खिशाच्या कडेला शिवण सुटलेला कपडा उसवलेल्यांत जाई आणि त्याच संध्याकाळी सुईदोऱ्याने नीट होऊन घडीत बसे. खिळ्याला अडकलेला, सायकलच्या साखळीत गेलेला कपडा फाटलेल्यांत. त्याला ठिगळ लावायचे की रफू करून घ्यायचा, हे त्या कपड्याच्या इभ्रतीवर ठरे. माझ्या भावाच्या रोजच्या चड्डीला ठिगळ पुरे, बाबांच्या लोकरी कोटाला मात्र रफूच हवा. रफू करणारा त्याच कोटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या शिलाईतून धागे काढून घेई आणि तेच भोकावर आडवे-उभे विणी, हे पाहून मला लहानपणी फार अचंबा वाटायचा. तिसरा ढीग विरलेल्यांचा. विरलेल्या कपड्याला कुठे भोक नसते, त्याची शिवणही सुटलेली नसते, आणि लांबून पाहिले तर पहिल्या दोन ढिगांपेक्षा तोच बरा दिसतो. पण उजेडासमोर धरला की त्यातून खिडकीचे गज दिसतात, आणि टाका घालायला जावे तर टाक्याच्याच कडेने नवी चीर जाते. विरलेल्या लुगड्याला आईने कधी सुई लावली नाही. त्याची गोधडी होई, किंवा ओळखीत कुणाला दिवस गेले असतील तर दुपटी होत, कारण नव्या बाळाच्या अंगाला विरलेल्या सुती लुगड्याइतके मऊ दुसरे काही नसते, असे तिचे म्हणणे होते.

पुष्कळ वर्षे मी या तीन शब्दांना एकाच जिन्याच्या पायऱ्या समजत होते: थोडे बिघडलेले, जास्त बिघडलेले, पुरते बिघडलेले. काकूंच्या त्या एका वाक्याने मला ते पुन्हा तपासायला लावले. उसवणे, फाटणे आणि विरणे यांत कमी-जास्तीचा प्रश्नच नाही. इजा कुठे झाली आहे, जोडात, कापडात की धाग्यात, एवढेच ते सांगतात. आणि ते सांगितल्यावर पुढे काय करायचे हे निराळे विचारावे लागत नाही. माझ्या मते त्यांचा दुसरा एक गुण याहून मोठा आहे. आई 'विरलंय' म्हणाली आणि मला पटले नाही, तर मी तोच कपडा उचलून उजेडासमोर धरू शकत होते.

भांड्यांच्या बाबतीत हा निवाडा कल्हईवाल्याकडे असे. तो अंगणात लहानसा खड्डा करून कोळसे पेटवी, भात्याची फुसफुस सुरू होई, आणि नवसागराचा पांढरा धूर नाकात झोंबला तरी आम्ही मुले जागची हलत नसू. कथील अवघ्या २३२ अंशांना वितळते, त्यामुळे एवढीशी आग त्याला पुरत असे. कापसाच्या बोळ्याने ते भांड्यात फिरवले की काळवंडलेले पितळ बघता बघता पांढरे लख्ख होई. पण काम सुरू करण्याआधी तो प्रत्येक भांडे उन्हाकडे बूड करून धरी आणि तोंडातून आत डोकावे. "याला नुसती कल्हई." "याला बुडाशी डाग द्यावा लागेल," म्हणजे झाळून भोक बुजवावे लागेल. आणि क्वचित, भांडे बाजूला ठेवत, "हिचा पत्रा झिजला, डाग धरणार नाही." कल्हईच्या दरावरून आई त्याच्याशी यथेच्छ घासाघीस करी, मात्र या तिसऱ्या निकालावर तिने कधी वाद घातलेला मला आठवत नाही. तो निकाल देताना त्याची स्वतःची मजुरी बुडत होती, हे तिला दिसत होते. ती घागर मग जांभळी नाक्याच्या बाजारात मोडीत जाई. तिथला दुकानदार ती तोलून, घट धरून, तेवढ्या किमतीचे पितळ नव्या भांड्यात वळते करून देई. आता 'मोडीत काढणे' आपण रूढींबद्दल, जुन्या समजुतींबद्दल म्हणतो आणि त्यात तुच्छता असते. बाजारात मात्र मोडीलाही भाव असतो, आणि तो वजनावर ठरतो.

घागर काय किंवा माठ काय, आपल्याकडे घेण्याआधी वाजवून पाहतात. टिचकी मारल्यावर खणखणीत बोलला तर घ्यायचा, बद्द बोलला तर न दिसणारा तडा आहे असे समजून परत ठेवायचा. परीक्षणाच्या वेळी अभियंत्यांबरोबर इमारतभर हिंडताना मला हेच पुन्हा ऐकू आले. त्यांचा मदतनीस लहान हातोडीने भिंतींवर, तुळयांच्या पोटाखाली, जिन्याच्या तळाशी टकटक करत चालला होता, आणि मधूनच थांबून, "इथं पोकळ बोलतंय," असे म्हणून खडूने गोल काढत होता. त्यानंतर यंत्रे आली. स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर आपटून किती उसळतो ते मोजणारे एक, आणि काँक्रीटच्या आरपार श्राव्यातीत ध्वनिलहर पाठवून तिला लागणारा वेळ मोजणारे दुसरे. पण मला खिळवून ठेवले ते अगदी साध्या एका चाचणीने. खांबाचा कोपरा थोडा फोडून त्यांनी आतल्या ताज्या भागावर फिनॉल्फथॅलिनचा फवारा मारला. शाळेत अल्कलीच्या प्रयोगात गुलाबी होणारे हेच ते रसायन. नव्या काँक्रीटचा सामू, म्हणजे पीएच, १२-१३ च्या घरात असतो, आणि त्या अल्कधर्मी वातावरणात आतल्या सळ्यांवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो तसतसा सामू खाली येतो, ९ च्याही खाली गेला की तो थर नाहीसा होतो, आणि ओलाव्याची गाठ पडताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून तडकते. फवारा मारल्यावर वरची दोन बोटे जाडी तशीच करडी राहिली आणि तिच्या आत गर्द गुलाबी रंग फुलला. "सळईपर्यंत पोचलेलं नाही अजून," मदतनीस म्हणाला. मागच्या दोन खांबांपाशी त्याने फवारा मारला तेव्हा गुलाबी काही दिसलेच नाही.

लहरीच्या वेगाचे निकाल वाचताना मला एक गंमत दिसली. त्यासाठी अहवालात जो भारतीय मानकाचा १९९२ चा तक्ता दिला होता, त्यात सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट उत्कृष्ट, साडेतीनच्या वर चांगले, तीनच्या वर मध्यम, असे उतरत येते. तीनच्या खाली आल्यावर 'वाईट' असा शब्द येईल अशी माझी अपेक्षा होती. तिथे लिहिले आहे 'संशयास्पद'. म्हणजे या एका चाचणीच्या बळावर काँक्रीटला दोषी ठरवू नका, पुढच्या चाचण्या करा. रुक्ष तक्त्यात इतका जपून वापरलेला शब्द भेटेल, असे मला वाटले नव्हते.

महापालिकेची भाषा याहून ठाम आहे, आणि तिला तसे असावेच लागते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला परीक्षण करून घेणे कायद्याच्या कलम २६५अ खाली बंधनकारक आहे, आणि दर पावसाळ्याआधी ठाण्यात धोकादायक इमारतींची यादी निघते. ठाणेकराला तिच्यातल्या चार इयत्ता पाठ असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तात्काळ निष्कासित करण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. "तुमची कितवी?" "आमची टू-बी." "सुटलात." असे संवाद मी राम मारुती रस्त्यावर भाजी निवडताना ऐकलेले आहेत. या भाषेवर मी पूर्वी मनातून नाराज असे. माणसे जिथे वाढली, जिथून लेकी सासरी गेल्या, त्या घराला एक अक्षर आणि एक आकडा लावून मोकळे होणे मला कोरडेपणाचे वाटे. पण नीट पाहिले तर या चार इयत्तांमध्येही आईच्या ढिगांसारखाच पुढच्या कृतीचा आदेश आहे: माणसांनी बाहेर पडायचे की नाही, आणि हातोडा कशासाठी उचलायचा. निराळेपणा इतकाच, की हा निकाल सबंध इमारतीला मिळून एकच असतो. आमची इमारत सी-२बी ठरली आणि ते दोन खांब त्या एका अक्षराआड दिसेनासे झाले. ते आम्हांला दिसले काकूंच्या वाक्यामुळे.

मला खरी धास्ती वाटते ती 'अजून चालेल' या दोन शब्दांची. आपल्या बोलण्यात हे शब्द इतके मवाळपणे येतात की त्यांच्यात निकाल दडलेला आहे हे लक्षात येत नाही. जुन्या छत्रीला, झिजलेल्या चपलेला, कडी सुटलेल्या झाकणाला 'अजून चालेल' म्हणण्यात काटकसर आहे, आणि त्या काटकसरीवरच आमच्या पिढीची घरे उभी राहिली. तेच शब्द तुळईला लावले की त्यांचा अर्थ पालटतो. २०१५ च्या ४ ऑगस्टला, भर पावसाळ्यात पहाटे, आमच्या नौपाड्यातच बी केबिनजवळची जुनी इमारत कोसळली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस आमच्या जिन्यात कोणी जोरात दार आपटले तरी सगळे बाहेर येत. याउलट शिळ फाट्याच्या लकी कंपाउंडमधली इमारत जुनी नव्हतीच. २०१३ च्या ४ एप्रिलला ती पडली तेव्हा तिचे बांधकामही पुरे झालेले नव्हते, आणि ७४ माणसे गेली. म्हणून वयावरून काही सांगता येत नाही. कपड्याचे वय विचारून आई ढीग लावत नव्हती. 'अजून चालेल' हे कशावर टिचकी मारून म्हटले आहे, उजेडासमोर काय धरून म्हटले आहे, याचे उत्तर त्या शब्दांत नसते. म्हणणाऱ्याला ते हवे आहे, एवढेच कळते.

माझी धाकटी बहीण वाशीच्या एका जुन्या सेक्टरमध्ये राहत असे. तिच्याकडे गेले की दर खेपेला छताचा एखादा नवा भाग गिलावा करून रंगवलेला दिसे, आणि पुढच्या खेपेला त्या ताज्या रंगाच्या कडेला तपकिरी रेघ उमटलेली असे. खाडीकाठच्या गावांना हे नवे नाही. हवेत मीठ, जमिनीत मीठ, आणि पूर्वीच्या बांधकामात खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर काँक्रीटच्या अंगातच मीठ. कळव्या-मुंब्र्याकडच्या रेतीबंदराच्या नावातच त्या व्यवसायाची खूण राहिली आहे. आमच्या अभियंत्यांना मी तिच्या छताबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी चपापले. ज्या काँक्रीटमध्ये सर्वत्र क्षार मुरलेले असतात, तिथे खराब तुकडा काढून नवे मिश्रण भरले की नव्या तुकड्यातली सळई सुरक्षित होते खरी, पण तिच्या लगतच्या जुन्या भागात गंज अधिक वेगाने धरू लागतो. दुरुस्तीच्या कडेलाच नवी इजा. टाक्याच्या कडेने जाणारी ती चीर मला आठवली. बहिणीचे घर विरलेले होते, आणि आम्ही सगळे, कंत्राटदारासकट, त्याला वर्षानुवर्षे टाके घालत होतो. आता त्या जागी मोठा खड्डा आहे, त्यावर क्रेन उभी आहे आणि बहीण कोपरखैरण्याला भाड्याने राहते. तिला वाईट वाटते का, असे मी विचारले होते. "वाईट कसलं, पंख्याखाली निवांत झोपते," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ जुन्या घराच्या खिडकीतल्या तगरीविषयी बोलत राहिली.

तेव्हा पुनर्विकास हवा म्हणणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तरुण सभासदाला मी खलनायक करणार नाही. त्याचे वडील गुडघ्यांमुळे तीन मजले उतरत नाहीत, इमारतीला लिफ्ट नाही, आणि दुरुस्तीवर घातलेल्या पैशातून लिफ्ट येणार नाही, हे त्याचे म्हणणे खोडता येत नाही. माझी हरकत आहे ती त्या शब्दाच्या घाईला. पुनर्विकास म्हटले की समोरची वस्तू कशी आहे, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. बोलणे थेट किती चौरस फूट, किती कॉर्पस निधी, किती महिन्यांचे भाडे यांवर जाते. चांगल्या धडधाकट इमारतीचाही पुनर्विकास होतो आणि मोडकळीला आलेलीचाही. जीर्णोद्धार या शब्दात निदान जीर्ण आणि उद्धार दोन्ही शेजारी होते. अर्थात तिथेही पुष्कळ देवळांत जीर्णाला हाकलून एकट्या उद्धाराला चकचकीत फरशीवर बसवलेले आपण पाहतो, हा भाग निराळा.

स्टेशनजवळच्या ज्या दुकानात मी वर्षानुवर्षे मिक्सर नेते, तिथला म्हातारा कारागीर अजून जुन्या पद्धतीने बोलतो. कानाशी धरून फिरवतो आणि सांगतो, "बुश गेलाय", "कार्बन संपलाय", किंवा "वाइंडिंग जळलंय, भरून देतो". त्याच्या मुलाच्या काउंटरवर मोबाइल दुरुस्त होतात आणि तिथे फार तर दोन उत्तरे मिळतात: "डिस्प्ले बदलावा लागेल" आणि "नवीनच घ्या". यात मुलाचा दोष नाही. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, सुटा भाग बाजारात नाही, आणि तो बसवला तरी फोन त्याला ओळखत नाही. अशा वस्तूला तो कोणता शब्द लावणार? फ्रान्सने २०२१ पासून फोन, लॅपटॉप, धुलाई यंत्रे अशा वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. ही पावले मला मनापासून हवीशी वाटतात, कारण विकत घेतानाच वस्तूचे पोट उघडता येईल का हे कळले पाहिजे. तरीही "सात गुणांचा मिक्सर" या बोलण्यापेक्षा "बुश गेलाय" हे बोलणे मला अधिक उपयोगाचे वाटते. गुण कारखान्यातून निघताना मिळतात. बुश माझ्या स्वयंपाकघरात जातो.

काकूंना मी नंतर त्यांच्या घरी गाठले. त्या पडद्याला चुणी घालत होत्या. इतिवृत्तात त्यांचे वाक्य घेऊ का, असे विचारल्यावर त्या ओशाळल्या. "घे, पण दोन खांबांचंही घाल हो. नाहीतर म्हातारीनं लोकांना गाफील ठेवलं असं व्हायचं." मग त्यांनीच सुचवले की, नुसते वाक्य लिहिण्यापेक्षा जागानिहाय लिहावे. त्याप्रमाणे मी अभियंत्यांकडून तपासून घेऊन एक तक्ता केला. गच्चीचा वॉटरप्रूफिंगचा थर, भिंत आणि तुळई यांच्या सांध्यांतल्या भेगा, बाहेरचा सुटलेला गिलावा आणि पाइपांच्या जोडांतली गळती यांपुढे 'उसवलेले' लिहिले. मागचे दोन खांब, जिन्याच्या पहिल्या वळणाचा स्लॅब आणि उत्तरेकडचे सज्जे यांपुढे 'फाटलेले'. त्या खांबांना आधी टेकू द्यायचे, गंजलेल्या सळ्या साफ करून गेलेल्या जागी नव्या जोडायच्या आणि भोवतीने नव्या काँक्रीटचे जॅकेट करायचे, असे पुढच्या रकान्यात आले. प्रत्येक नोंदीसमोर ते कशावरून ठरले, तोही रकाना ठेवला: हातोडी, फवारा, लहर, नुसती नजर. 'विरलेले' या सदराखाली अभियंत्यांनी काही लिहू दिले नाही. पाण्याच्या टाकीखालच्या तुळयांविषयी त्यांना शंका आहे, पण काँक्रीटचा नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून पाहिल्याखेरीज तो शब्द वापरू नका, असे त्यांनी बजावले. तिथे मी मानकातलाच शब्द लिहिला.

आता सभासदांचा सगळा राग कंत्राटदारांच्या दरपत्रकांवर आहे. तिघांनीही दर स्वतंत्र दिले आहेत आणि परिमाणापुढे लिहिले आहे, 'प्रत्यक्ष मोजमापानुसार'. गिलावा काढल्याशिवाय आत किती खराब आहे ते कळत नाही, म्हणून एकूण आकडा आज देता येत नाही, हे अभियंत्यांनी पुन्हा पुन्हा सांगूनही लोकांना ती पळवाट वाटते. मला मात्र या साऱ्या कागदपत्रांत त्या दोन शब्दांइतके सरळ दुसरे काही सापडले नाही. खांबांपाशी लोखंडी टेकू लागले आहेत. स्कूटर बाहेर रस्त्यावर लावाव्या लागतात आणि त्यावरून रोज कुरबुर होते. वर्गणीचा पहिला हप्ता महिनाअखेरीस भरायचा आहे. काकूंनी तो भरला, तिसऱ्या मजल्याने भरलेला नाही. त्या सभासदाने आपली हरकत लेखी दिली आहे, लिफ्टच्या मुद्द्यासह, आणि ती मी तक्त्याच्या खाली शब्दशः जोडली आहे.